बाळाचा स्वेटर, गळ्यापासून खाली: टाक्यांचा हिशोब आणि हमखास चुकणाऱ्या जागा

दोन_सुया

सहा महिन्यांच्या बाळाचा पुढून उघडणारा स्वेटर देते आहे. गळ्यापासून खाली, एकाच तुकड्यात, कुठेही शिवण नाही. टाके मोजून लिहिले आहेत. तुमचा ताण १० सेंमीत २८ टाके आणि ३६ ओळी असा आला तर आकडे जसेच्या तसे वापरा.

आधी माप. या वयात छाती साधारण ४३ सेंमी असते आणि डोक्याचा घेरही जवळपास तेवढाच. स्वेटर अंगापेक्षा निदान ५ सेंमी मोठा हवा. आत एखादा कपडा असतो, आणि बाळ स्वतः हात घालत नाही, आपण त्याचा हात वाकवून बाहीतून ओढून घेतो, त्यालाही जागा लागते. म्हणून तयार स्वेटरचा घेर ४८ ते ४९, काखेपासून बाही १६, मागची उंची २६ ते २७ सेंमी.

साहित्य: चार प्लाय बेबी लोकर १२५ ग्रॅम (थोडी उरेल, ती दुरुस्तीला ठेवा), १० नंबरची म्हणजे ३.२५ मिमीची आणि ११ नंबरची म्हणजे ३ मिमीची ६० सेंमी लांब गोल सुई, बाह्यांसाठी त्याच दोन नंबरांच्या दोन्ही टोकांच्या आखूड सुयांचे संच, ४ खुणेच्या रिंगा, बाहीचे टाके अडकवून ठेवायला वेगळ्या रंगाचा गुळगुळीत धागा, १० ते १२ मिमीची ६ बटणं. सगळे गोळे एकाच लॉट नंबरचे घ्या. दोन लॉटमधला फरक गोळ्यात दिसत नाही, पाठीवर आडवा पट्टा होऊन दिसतो.

गळा: ११ नंबरवर ८२ टाके सैल घाला. ६ ओळी दोन्ही बाजूंनी सुलट. तिसऱ्या ओळीत पहिलं काज: २ सुलट, धागा पुढे घेऊन २ टाके एकत्र सुलट, २ सुलट. पुढच्या दोन्ही कडांची बटण-काजांची पट्टी ६ टाक्यांची आहे, काज घेतल्यावरही ६ च राहतात. वरून खाली विणताना सुलट ओळीची सुरुवात म्हणजे घातल्यावरचा डावा पुढचा भाग. काजं कुठल्या बाजूला हवीत ते इथेच ठरवा.

योक, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंतचा भाग: १० नंबरवर या. टाक्यांची वाटणी पुढचा भाग १६, बाही १२, पाठ २६, बाही १२, पुढचा भाग १६. मधल्या चार जागी रिंगा. आता प्रत्येक सुलट ओळीत रिंगेच्या अलीकडे १ टाका उरेपर्यंत विणा, एक टाका वाढवा, १ सुलट, रिंग सरकवा, १ सुलट, पुन्हा एक वाढवा. चारही रिंगांना असं केलं की ओळीला ८ टाके वाढतात. उलट ओळीत पहिले ६ आणि शेवटचे ६ सुलट, मधले सगळे उलट. असं १९ वेळा, म्हणजे ३८ ओळी. पाच वाढींनंतर १२२, दहांनंतर १६२, पंधरांनंतर २०२, शेवटी २३४ टाके हवेत. या चार आकड्यांना थांबून मोजाच. चूक दहाव्या ओळीत सापडली तर दोन ओळी उसवाव्या लागतात, काखेत पोचल्यावर सापडली तर सगळा योक जातो.

वाटणी: ३५ विणा, बाहीचे ५० टाके धाग्यावर घ्या, काखेसाठी ४ नवे टाके घाला, पाठीचे ६४, पुन्हा ५० धाग्यावर, पुन्हा ४ नवे, ३५. सुईवर १४२ टाके. ही ओळ धरून ४२ ओळी साध्या विणा, म्हणजे न वाढवता एक ओळ सुलट, एक उलट, पट्ट्या आधीसारख्याच. मग ११ नंबरवर पट्ट्यांमधल्या १३० पैकी एक टाका कमी करून १२९ वर एक सुलट एक उलट, १२ ओळी. विषम आकडा मुद्दाम, म्हणजे बॉर्डर दोन्ही टोकांना सुलट टाक्याने संपते. वीण जशी आहे तशीच ठेवून सैल बंद करा.

काजं ३, २१, ३९, ५७, ७५ आणि ९३ या ओळींत. एकूण ओळी ९८ होतात.

बाही: ५० टाके आखूड सुयांवर घ्या, काखेतून ४ उचला, ५४. गोल विणा. दर आठव्या फेरीत काखेच्या मध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका कमी, सहा वेळा. ४८ फेऱ्यांनंतर ४२ टाके. ११ नंबरवर एक सुलट एक उलट १० फेऱ्या आणि सैल बंद.

---

नवी_लडी

दोन शंका. माझ्याकडे १० नंबर लिहिलेली सुई आहे पण ती पेन्सिलीएवढी जाड आहे. बाळाच्या स्वेटरला एवढी जाड चालते? आणि नमुना विणला तर १० सेंमीत २६ टाके आले. दोन टाक्यांनी असा काय फरक पडणार?

---

उलट_सुलट

ती सुई अमेरिकन मापाची आहे. जुन्या ब्रिटिश मापात नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ म्हणजे ४ मिमी, १० म्हणजे ३.२५, १२ म्हणजे २.७५. अमेरिकन मापात उलटं, तिथे १० नंबर म्हणजे ६ मिमी आणि ३.२५ मिमीला ३ नंबर. म्हणून नंबरवर न जाता मिलिमीटर बघा. सुईवर छापलेलं पुसलं असेल तर भोकांची सुई-मापनी वापरा. ज्या सगळ्यांत लहान भोकातून सुई न अडखळता आत जाते ते तिचं माप.

दोन टाक्यांचा फरक आता अंगावर मांडून बघा. काजपट्टी एकावर एक येते म्हणून १४२ मधून ६ वजा, घेराला १३६ टाके. २८ च्या ताणाने १३६ टाके म्हणजे ४८.६ सेंमी. २६ च्या ताणाने ५२.३. हा वर्षाच्या बाळाच्या मापापेक्षाही मोठा झाला. आणि ३० टाके आले तर ४५.३, म्हणजे सहा महिन्यांच्या बाळाला आत कपडा घालून बटणं ओढून लावावी लागतील.

तुमचे २६ आले म्हणजे वीण सैल आहे. सुई एक नंबर बारीक घ्या आणि परत नमुना विणा. हात आवळून विणायचा प्रयत्न करू नका. तो आवळपणा चार ओळी टिकतो, मग हात मूळ सवयीवर जातो आणि एकाच स्वेटरात दोन ताण येतात.

नमुना ३६ टाक्यांचा आणि निदान ४४ ओळींचा असावा. धुवा, सपाट वाळवा, कडेचे ४-४ टाके सोडून मधले १० सेंमी मोजा. कडेचे टाके नेहमी वेडेवाकडे असतात, ते मोजलेत तर आकडा खोटा येतो. गोल विणायच्या बाहीचा ताणही वेगळा येतो, कारण तिथे उलट ओळ नसतेच. अर्ध्या टाक्यापर्यंत फरक असेल तर सोडून द्या. जास्त असेल तर बाहीला सुई बदला.

---

नवी_लडी

६ मिमी! म्हणजे नमुना ३.२५ ने विणला हे बरं झालं. आता ३ मिमीने पुन्हा करते. लोकरीबद्दल पण सांगा, ॲक्रिलिक चालेल का खरी लोकरच घ्यायची?

---

शेवटचा_पदर

दोन्ही चालतात, पण दोन्हींचं वागणं वेगळं आहे आणि ते समजून घ्यायला हवं.

ॲक्रिलिक मशीनमध्ये धुता येतं, टोचत नाही, आकार बदलत नाही. मात्र घाम शोषत नाही. बाळ झोपेत घामाघूम झालं तरी स्वेटर बाहेरून कोरडा लागतो. आणि उष्णतेला तो वितळतो, त्यामुळे शेगडी-हीटरजवळ अजिबात नको.

मेंढीची लोकर हवा खेळू देते आणि थोडी ओली झाली तरी ऊब धरते. बाळासाठी बारीक तंतूची मेरिनो घ्या. तीही मशीनमध्ये धुता येणारी प्रक्रिया केलेली, नाहीतर गरम पाण्यात एकदा पडली की आटून जाड नमदा होतो आणि तो परत येत नाही. प्रक्रिया केलेली मेरिनो मात्र ओली झाली की लांबते. तिचा नमुना न धुता मोजला तर धुतल्यावर बाही बोटांच्या खाली लोंबणार.

लोकर टोचते का ते हाताच्या तळव्यावर बघू नका, तिथली कातडी जाड असते. मानेला मागून किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला दोन-तीन मिनिटं लावून बघा.

सुती धागा उन्हाळ्याच्या तोंडाला चांगला, पण त्याला लवचीकपणा नसतो. एक सुलट एक उलटची बॉर्डर आठवड्याभरात सैल पडते. सुतीत बॉर्डर दोन नंबर बारीक सुईवर विणा.

मोहेर (शेळीची) आणि अंगोरा (सशाची) लोकर बाळाला नकोच. केस सुटतात आणि तोंडात, नाकात जातात.

---

काटेकोर

मूळ कृतीतली एक जागा दुरुस्त करायला हवी. दोन्ही बाजूंनी सुलट विणलेल्या ओळी साध्या विणीच्या ओळींपेक्षा बुटक्या असतात. तितक्याच ओळी विणल्या तरी पट्टीची उंची कमी भरते. काजपट्टी अंगाबरोबरच विणतो आहोत, म्हणून ती पुढची कड वर ओढते आणि स्वेटर पुढून आखूड, मागून लांब दिसतो. सहा टाक्यांची पट्टी असल्याने थोडं ताणून भागतं, पण घडी घालताना दिसतंच.

उपाय सोपा आहे. दर १० ओळींनी फक्त पट्टीवर दोन ओळी जास्त विणा: ६ सुलट, काम फिरवा, पहिला टाका न विणता उचला, ५ सुलट, परत फिरवा आणि ओळ पुढे चालू. डाव्या भागाला हे सुलट ओळीच्या सुरुवातीला येतं, उजव्या भागाला उलट ओळीच्या सुरुवातीला. काजाच्या ओळी मोजताना या जादा ओळी धरायच्या नाहीत, अंगाच्याच मोजायच्या. आणि काजाच्या लगतच्या दोन ओळींत जादा ओळी घेऊ नका, तिथे काज तिरकं होतं.

हे नको वाटलं तर पट्टी एक टाका सुलट एक उलट आणि पुढच्या ओळीत त्याच्या विरुद्ध अशी दाणेदार विणा. ती इतकी ओढत नाही.

---

दोन_सुया

काटेकोर, अगदी मान्य. मी पट्टीच्या कडेचा पहिला टाका न विणता उचलते, त्याने कड नीट दिसते पण ओढ आणखी वाढते. तेव्हा जादा ओळी घेणार असाल तर कडेचा टाका विणाच.

---

चौकट_वीण

पट्टी नंतर उचलून विणायचा पर्यायही आहे. तेव्हा गळ्याला ७० टाके घालायचे, दोन्ही पुढचे भाग १०-१० चे. स्वेटर पूर्ण झाल्यावर पुढच्या कडेवरून दर ४ ओळींना ३ टाके उचलायचे. ९८ ओळींना ७३ किंवा ७४. प्रत्येक ओळीला एक उचलला तर पट्टी झालरीसारखी लाटा मारते, दोन ओळींना एक उचलला तर आवळते. चारास तीन हे प्रमाण टाके आणि ओळींच्या ताणावरूनच येतं, २८ ला ३६.

मला हेच जास्त आवडतं, कारण काजांच्या जागा शेवटी, बटणं हातात धरून ठरवता येतात.

---

नवी_लडी

योक सुरू केला. टाके वाढवताना भोकं पडताहेत. आणि पाचव्या वाढीनंतर १२२ ऐवजी १२४ भरले.

---

उलट_सुलट

भोकांचं आधी. दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलून तो तसाच विणला की भोक राहतं. तो पिळून विणायचा. डाव्या सुईने आडवा धागा पुढून मागे उचला आणि टाक्याच्या मागच्या पायातून सुलट विणा, पीळ एका बाजूला बसतो. तोच धागा मागून पुढे उचलून पुढच्या पायातून विणला की पीळ दुसऱ्या बाजूला. रिंगेच्या अलीकडे एक प्रकार आणि पलीकडे दुसरा वापरलात की तिरकी रेघ आरशातल्यासारखी दोन्हीकडे सारखी येते. उचललेला टाका पिळताना आवळ लागला तर बरोबर करताय असं समजा.

काहीजण मुद्दाम धागा सुईवर घेऊन जाळीची रेघ ठेवतात. सुंदर दिसते, फक्त बाळाची बोटं त्या भोकांत अडकतात. बाहीच्या जवळ ती नकोच.

आता दोन जास्तीचे टाके. पट्टीच्या टोकांना बघा. ओळ फिरवल्यावर धागा सुईवरून मागे गेला की पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय वर ओढले जातात आणि तो दोन टाक्यांसारखा दिसतो. आपण दोन्ही विणतो आणि एक वाढतो. सुलट विणायला सुरुवात करताना धागा सुईच्या खालून मागे न्या. तिथे नसेल तर सुलटकडून उलटकडे जाताना, म्हणजे पट्टीनंतरच्या सातव्या टाक्यापाशी बघा. धागा पुढे आणताना तो सुईवरून आला तर फुकटची जाळी पडते.

---

नवी_लडी

पट्टीच्या टोकालाच होते, दोन्हीकडे एकेक. उसवून नीट केलं.

---

लोकर_आणि_लोक

मधेच एक गंमतशीर माहिती. गळ्याकडून काखेत तिरकी जाणारी ही रॅगलन बाही आणि पुढून उघडणारा कार्डिगन, ही दोन्ही नावं क्रिमियन युद्धातल्या इंग्रज सेनानींची. लॉर्ड रॅगलनने १८१५ साली वॉटर्लूला उजवा हात गमावला होता, आणि अर्ल ऑफ कार्डिगन १८५४ मधल्या बालाक्लाव्हाच्या घोडदळाच्या हल्ल्याचा म्होरक्या. बालाक्लाव्हा हे नाव तर कानटोपीलाच मिळालं.

बाळाला रॅगलन का चांगली, तर तिला खांद्याची रेघच नसते. बाळाला खांदा आणि मान असं वेगळं फारसं नसतंच, तिथे मोठ्यांसारखी खांद्यावर बसवलेली बाही खाली घसरते.

---

चौकट_वीण

काखेतलं भोक. हे सगळ्यांचंच पडतं आणि नंतर सुईने शिवून बुजवलं जातं, त्याची तिथे गाठ होते. बाळाच्या काखेत गाठ टोचते.

भोक पडतं कारण नव्याने घातलेले ४ टाके आणि धाग्यावर ठेवलेले टाके यांच्या मधल्या कोपऱ्यातला धागा ताणला जातो. म्हणून ४ ऐवजी ६ टाके उचला: एक डाव्या कोपऱ्यातून, मधले चार, एक उजव्या कोपऱ्यातून. कोपऱ्यातला टाका उचलताना सैल आडवा धागा घेऊ नका, त्याच्या खालच्या ओळीतल्या घट्ट टाक्याचा पाय घ्या. पुढच्या फेरीत कोपऱ्यातला प्रत्येक टाका शेजारच्या बाहीच्या टाक्याबरोबर एकत्र विणा. ५६ चे परत ५४ होतात आणि कोपरा मिटतो.

---

शेवटचा_पदर

बाही गोलच विणायला हवी असं नाही. ५४ टाके चार सुयांवर वाटले की एका सुईवर जेमतेम १३-१४ येतात, आणि सवय नसेल तर दोन सुयांच्या सांध्यावर सैल टाक्यांची शिडी दिसते. ती टाळायला प्रत्येक सुईवरचा दुसरा टाका विणताना धागा ओढा. पहिला टाका ओढून उपयोग नसतो, तो दुसरा विणताना परत सैल होतो. तरीही जमेना तर दर तीन-चार फेऱ्यांनी सांध्याची जागा दोन टाके पुढे सरकवा.

सपाट विणायची असेल तर शिवणीसाठी दोन्हीकडे एकेक टाका जास्त धरा, ५६. त्या दोन टाक्यांसकट कफला ४४ उरतील. शिवताना कड बाहेरच्या बाजूने, टाक्यांच्या मधले आडवे धागे एकआड एक उचलून शिवा. तशी शिवण आतून सपाट बसते.

दोन्ही बाह्या एकाच वेळी, दोन गोळे लावून विणल्या तर लांबी कमीजास्त होत नाही. एकामागून एक विणणार असाल तर फेऱ्या लिहून ठेवा. पट्टीने मोजलेली बाही आणि फेऱ्यांनी मोजलेली बाही यात सेंमीभराचा फरक सहज पडतो.

---

काटेकोर

गळा आणि कफ आवळ होणं ही बाळाच्या स्वेटरातली सगळ्यांत मोठी तक्रार. सुरुवातीचे ८२ टाके अंगाच्या सुईपेक्षा दोन नंबर जाड सुईवर, म्हणजे ८ नंबरवर घाला आणि पहिली ओळ ११ नंबरवर विणा. सैल टाके घालायचे म्हणजे टाके लांब करायचे नाहीत, दोन टाक्यांत सुईभर अंतर ठेवायचं. नाहीतर वरची कड लोंबते आणि मान तशीच आवळते.

कफ बंद करताना जाड सुई घ्या. बंद केल्यावर आपली चार बोटं एकत्र आत जाऊन थोडी पसरता आली पाहिजेत. बाळाची मूठ त्याच्या मनगटापेक्षा बरीच मोठी असते, आणि बाहीत घालताना ते बोटं मिटत नाही, पसरतं. ४२ टाक्यांचा कफ मोकळा असतानाच १३ सेंमीच्या आसपास राहतो, ताणून तो बराच वाढायला हवा. बंद केलेली कडच ताणत नसेल तर बॉर्डरचा काही उपयोग नाही, ती कड उसवा.

डोक्यावरून घालायचा स्वेटर विणणार असाल तर गळा ४६ सेंमीपर्यंत ताणला गेलाच पाहिजे, किंवा खांद्यावर बटणांची उघड ठेवा. लहान बाळाला डोक्यावरून काही घालणं तसंही नकोसं असतं. पुढून उघडणारा तो या कारणासाठी.

---

जपून

सुरक्षिततेचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

गळ्याला नाडी, रिबीन, गोंड्याची दोरी नको. पाळण्याला, गाडीला अडकून गळा आवळतो. युरोपातल्या ईएन १४६८२ या मानकात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना गळ्याशी आणि टोपीला नाडी चालतच नाही.

बटणं तोंडात जातात. लोकरीच्या धाग्याने बटण लावू नका, तो पीळ सुटून तुटतो. मजबूत शिवणाचा दोरा दुहेरी घ्या, बटणाच्या मागे आतल्या बाजूला एक लहान सपाट बटण किंवा फितीचा तुकडा धरा आणि दोन्हींतून एकत्र टाके घ्या. नाहीतर दोरा टिकतो आणि वीणच फाटून बटण हातात येतं. पूर्ण झाल्यावर प्रत्येक बटण जोर लावून ओढून बघा, आणि दर धुण्यानंतर परत. शंका असेल तर बटणांऐवजी पट्टीवर पट्टी येणारी, आतून बाजूला बांधायची आडवी रचना करा. तिचे बंद कमरेशी आणि आखूड ठेवा.

रंगीत नक्षी केली तर आतून मोकळे धागे लांब राहतात. बाळाची बोटं त्यात गुंततात आणि धागा बोटाभोवती आवळला तर रक्त थांबतं. दर तिसऱ्या टाक्याला मागचा धागा पिळून बांधून घ्या. बाहीत आणि कफात नक्षी करूच नका, तिथे दोन रंगांचे पट्टे करा.

आणि मधे कुठेही गाठ नको. गोळा संपला की नवा धागा ओळीच्या टोकाला जोडा, पट्टीच्या कडेला. दोन्ही शेपट्या १० सेंमी ठेवा आणि आतल्या बाजूने, टाक्यांच्या वळणावरून ५ सेंमी एका दिशेला आणि थोडं उलट दिशेला ओवा. लगेच कापू नका. एकदा धुवून वाळवा, मग कापा.

---

नवी_लडी

हे सगळं उतरवून घेतलं. तीन महिन्यांच्या आणि वर्षाच्या बाळाचे आकडे मिळतील का? कुठलं माप विणायचं तेच ठरत नाहीये.

---

दोन_सुया

रीत तीच, आकडे बदलतात.

तीन महिने, छाती ४०-४१: गळ्याला ७८, वाटणी १५, १२, २४, १२, १५. वाढी १८ वेळा, एकूण २२२. काखेत ४-४ घालून अंगाला १३४. बाहीला ५२.

एक वर्ष, छाती ४६: गळ्याला ८६, वाटणी १७, १२, २८, १२, १७. वाढी २० वेळा, एकूण २४६. अंगाला १५०, बाहीला ५६. अंगाच्या साध्या ओळी ५०, बाही कफासकट १९ सेंमी. लोकर १५० ग्रॅम धरा.

माप ठरवताना बाळाचं आजचं वय बघू नका. थंडी सुरू होईल तेव्हा ते किती महिन्यांचं असेल ते मोजा. आणि नवजात बाळाच्या मापाचा विणूच नका, तो दोन-तीन आठवड्यांत अपुरा पडतो. तीन महिन्यांचा थोडा ढगळ झाला तर बाही दुमडता येते. एकच जागा मोठी चालत नाही, गळा. मोठा गळा खांद्यावरून घसरतो आणि बाळ हात बाहेर काढतं.

---

शेवटचा_पदर

धुण्याबद्दल दोन शब्द. घालायच्या आधी एकदा धुवाच, विणताना हातांचा मळ लागलेला असतो. कोमट पाणी, ३० अंशांच्या वर नाही, सौम्य साबण. चोळू नका, पिळू नका. पंचात गुंडाळून दाबा आणि सपाट जागेवर माप लावून पसरा. दोरीवर टांगलात तर ओल्या स्वेटरच्या वजनाने बाह्या लांबतात आणि त्या तशाच राहतात.

ॲक्रिलिकला इस्त्री टेकवू नका. एकदा इस्त्री लागली की बॉर्डरची लवचीकता कायमची जाते, कापड चपटं आणि चकचकीत होतं. कड वळतच असेल तर ओला कपडा वर ठेवून वाफ दोन सेंमीवरून द्या आणि थंड होईपर्यंत हलवू नका.

---

नवी_लडी

योक झाला, २३४ टाके. काखेची वाटणीही झाली. पण खालच्या दिशेला आठ ओळींपूर्वी एक टाका सुटलाय आणि शिडी पडली आहे. आठही ओळी उसवू?

---

उलट_सुलट

नको. सुटलेल्या टाक्याला आधी सेफ्टी पिन लावा, म्हणजे तो आणखी खाली जाणार नाही. त्या टाक्याच्या बरोबर वरपर्यंत विणत या, काम सुलट बाजूने समोर धरा. ३ मिमीची क्रोशाची सुई सुटलेल्या टाक्यात घाला, शिडीची सगळ्यांत खालची पायरी सुईने पकडा आणि टाक्यातून ओढून घ्या. मग वरची पायरी. आठ पायऱ्या झाल्या की टाका डाव्या सुईवर ठेवा, त्याचा उजवा पाय सुईच्या पुढे यायला हवा. पुढे आला नसेल तर टाका पिळलेला आहे, फिरवून घ्या.

ती रेघ जरा आवळ किंवा सैल दिसेल. बोथट सुईने शेजारच्या टाक्यांचे पाय थोडे थोडे ओढून धागा वाटून द्या. बाकीचं धुतल्यावर बसतं.

फक्त शिडी काजपट्टीत पडली असेल तर पायऱ्या एक पुढून, एक मागून अशा आलटूनपालटून उचलाव्या लागतील. कुठे पडली आहे?

---

नवी_लडी

पाठीत, मधोमध. आठही पायऱ्या उचलल्या, उजवा पाय पुढे आहे. आता काखेखालच्या ४२ ओळी.